माळ्यावरचं घंगाळ आणि फ्रान्सचा जुना बाजार

दिवसभराचं रान उरकून चुलीपाशी बसल्या असाल त्यांना नमस्कार, आणि गटाच्या बैठकीत रेडिओ मधोमध ठेवून ऐकत असाल त्यांनाही. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय लांबचा आहे, पार फ्रान्स देशातला. पण तो आमच्याकडे आला गटाच्या बैठकीतूनच, म्हणून आधी ते सांगतो.

सप्टेंबरातला पहिला रविवार होता. सकाळी अकराची बैठक. हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या चालल्या होत्या, तेवढ्यात आमच्या गटाच्या सचिवताईंचा फोन वाजला. त्यांची लेक शिकून नोकरीला लागली, आणि आता नवऱ्याबरोबर फ्रान्समध्ये लील नावाच्या शहरात असते. व्हिडिओ कॉल होता. आपल्याकडे अकरा म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात. लेक म्हणाली, "आई, सगळ्यांना दाखव गं, आज आमच्या गावात जत्रा आहे." तिनं फोन फिरवला तर रस्त्याच्या दोन्ही कडांना, नजर पोचेल तिथवर, लोकांनी घरातलं जुनं सामान मांडलेलं. कपबश्या, कंदील, खुर्च्या, लोखंडी इस्त्र्या, चादरींच्या चळती, लहान मुलांची लाकडी खेळणी. काही घेऊ तर काही नको, असं.

चालता चालता ती एका म्हाताऱ्या बाईंसमोर थांबली. त्यांच्या पुढ्यात एक तांब्याचं भांडं होतं. रुंद तोंड, दोन बाजूंना दोन कड्या. आम्ही सगळ्या एकदमच म्हणालो, "अगं, हे तर घंगाळ!" लेक हसली. "अगदी आपल्यासारखं ना आई? आपलं कुठंय गं आता?" सचिवताई म्हणाल्या, "असेल की माळ्यावर." आणि फोन शेजारणीच्या हातात देऊन पाणी प्यायला उठल्या.

ते घंगाळ माळ्यावर नाही, हे आमच्यातल्या चौघींना माहीत होतं. त्याचं पुढं सांगतो.

त्या दिवसापासून लेक अधूनमधून त्या बाजारांचे फोटो पाठवते, काय पाहिलं, काय घेतलं ते सांगते. आमच्यातल्या एकीनं बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिनं आणखी वाचून काढलं. दोन्हीचं मिळून हे भाषण आहे.

फ्रान्समध्ये जुन्या वस्तूंच्या बाजाराला तीन-चार नावं आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. सगळ्यात घरगुती तो व्हीद-ग्रेनिए. ग्रेनिए म्हणजे माळा, आणि व्हीद म्हणजे रिकामा करणं. माळा रिकामा करायचा बाजार! उन्हाळ्याच्या दिवसांत गावोगावी असा बाजार भरतो. शाळेच्या मैदानात, चर्चच्या पुढच्या चौकात, नदीकाठी. बायकामाणसं घरातलं नको झालेलं सामान गाडीत घालून आणतात, टेबल मांडतात आणि दिवसभर बसतात. जागेचं थोडं भाडं द्यायचं, ते बहुतेक गावच्या एखाद्या मंडळाला किंवा शाळेच्या पालकांच्या संघाला मिळतं.

यातला एक नियम आम्हाला फार आवडला. जो व्यापारी नाही, त्यानं असा बाजार वर्षातून दोनदाच करायचा आणि तोही फक्त स्वतःच्या घरच्या वापरलेल्या वस्तूंचा. तसं लेखी द्यावं लागतं. कोण कोण विकायला बसलं त्याची नोंदवही होते, ओळखपत्राचा नंबर लिहिला जातो. व्यापाऱ्यालाही आपण काय घेतलं, कुणाकडून घेतलं, याची वही ठेवावी लागते. म्हणजे चोरीचा माल सहज खपू नये. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेतात आणि सकाळी तांबं भंगारात जातं, तेव्हा कुणाच्या वहीत काय लिहिलेलं असतं? असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

दुसरा प्रकार ब्रोकांत. यात बसणारे धंदेवाईक असतात. त्यांना वस्तूची पारख असते, त्यामुळे भावही चढे. पॅरिसच्या पश्चिमेला शातू नावाच्या गावी वर्षातून दोनदा असा मोठा बाजार भरतो. त्याच्या नावातच जुन्या वस्तूंबरोबर डुकराच्या खारवलेल्या मांसाचा उल्लेख आहे, कारण दोन जुन्या जत्रा एकत्र होऊन तो झाला. आपल्याकडे बैलबाजार आणि भांड्यांचा बाजार एकाच यात्रेत भरतात, तसंच.

आणि तिसरा, ज्याचं नाव जगभर गेलं, तो मार्शे ओ प्युस. म्हणजे पिसवांचा बाजार. हसू नका, खरंच पिसवांचा. पॅरिस शहरात पूर्वी चिंध्या वेचणारे हजारो लोक होते. रात्री कंदील आणि काठीला लावलेला आकडा घेऊन फिरायचे, पाठीवर टोपली. चिंध्या कागदाच्या कारखान्यात जायच्या, हाडं सरसाला जायची, मोडकं भांडं डागडुजी करून विकलं जायचं. १८८३ च्या अखेरीस तिथल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं हुकूम काढला की प्रत्येक घरमालकानं कचरा झाकणाच्या डब्यात भरून बाहेर ठेवायचा. अधिकाऱ्याचं आडनाव पुबेल. लोक इतके चिडले की कचऱ्याच्या डब्यालाच पुबेल म्हणायला लागले, आणि आजही फ्रेंच भाषेत डब्याला तोच शब्द आहे! शहर स्वच्छ झालं असेल, पण वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. शहराच्या तटाबाहेर त्यांची वस्ती आधीपासून वाढत होतीच. तिथं, उत्तरेला सँतुआँ नावाच्या गावाजवळ, ते आपला माल जमिनीवर मांडून बसू लागले. जुन्या गाद्या, जुने कपडे, त्यात पिसवा आल्याच. म्हणून पिसवांचा बाजार. १८८५ हे त्या बाजाराचं जन्मवर्ष मानतात. आज तिथं एकाला एक लागून डझनभर बाजार आहेत, काचेच्या दुकानांत हजारो युरोंची कपाटं आहेत, आणि परदेशातले लोक मुद्दाम बघायला येतात. पिसवा गेल्या. वेचणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं त्यातल्या किती दुकानांचे मालक असतील, हा प्रश्न आमच्या बैठकीत एकीनं विचारलाच.

लीलच्या जत्रेचंही मूळ असंच गरिबाघरचं सांगतात. पूर्वी वर्षातून एकदा घरच्या नोकरचाकरांना मालकाच्या जुन्या वस्तू विकून चार पैसे करायची मुभा होती, त्यातून ही जत्रा वाढली म्हणे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी भरते. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ ला, भरली नव्हती. तिथं त्या दिवसांत शिंपल्यातले जीव आणि बटाट्याचे तळलेले काप खायची रीत आहे. खाणावळवाले रिकामे शिंपले दाराबाहेर ढिगानं टाकतात, आणि कुणाचा ढीग मोठा याची चढाओढ लागते. लेकीनं तो ढीग दाखवला तेव्हा आमच्या कोषाध्यक्षताई म्हणाल्या, "आपल्याकडे असा कचरा टाकला तर सरपंच दारात उभा राहील."

आता वस्तूंकडे वळू. लेकीनं जे पहिलं घेतलं ती एक चादर. पांढरी, जाडजूड, जड. पंधरा युरो. एक युरो म्हणजे आपले साधारण शंभर रुपये धरा, म्हणजे दीड हजारांची. जुनी चादर दीड हजारांना, म्हणून आम्ही तिला वेड्यात काढलं. मग तिनं चादरीचा कोपरा दाखवला. लाल दोऱ्यानं, फुलीच्या टाक्यानं, दोन अक्षरं विणलेली.

ही अक्षरं कसली ते ऐका. फ्रान्समध्ये पूर्वी मुलीच्या लग्नात चादरी, टॉवेल, हातरुमाल, जेवणाच्या टेबलावरचे कपडे असं सगळं डझनाच्या हिशेबानं द्यायचे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की शाळेतच तिला कापडावर मुळाक्षरं विणायला शिकवायचे. मोठी होईल तसं ती आपल्या लग्नाच्या कापडावर स्वतःच खूण करायची. पुष्कळदा एक अक्षर आपल्या माहेरच्या आडनावाचं, एक होणाऱ्या नवऱ्याच्या. एवढ्या चादरी कशाला लागायच्या? तर कपड्यांची मोठी धुलाई वर्षातून दोन-तीनदाच व्हायची. लाकडाची राख घालून उकळायचे, मग गावच्या सामाईक धुण्याच्या हौदावर सगळ्या बायका मिळून धुवायच्या. दहा घरचं कापड एका ठिकाणी, म्हणून खूण हवी. आणि लाल दोरा अशासाठी की उकळत्या पाण्यातही त्याचा रंग जात नाही.

हे ऐकलं आणि आमच्या बैठकीत एकदम गलका झाला. कारण आपल्याकडे दुसरं काय असतं? लग्नात दिलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. हंड्यावर, कळशीवर, ताटावर, अगदी फुलपात्रावरसुद्धा. कुणी दिलं, कुणाला दिलं, गाव, तारीख. गावजेवणाला सगळ्यांची पातेली, पराती गोळा करायची, आणि दुसऱ्या दिवशी नाव वाचून परत करायची. तिकडे कापडावर, इकडे भांड्यावर. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मला वाचता येत नाही, पण माझ्या तांब्यावरचं माझं नाव मला बोटानं कळतं." ते वाक्य आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवलंय.

जुनी फ्रेंच चादर ओळखायची कशी, तेही लेकीनं शिकून घेतलं. चादरीच्या मधोमध उभी शिवण असेल तर ती बहुतेक जुन्या घरगुती मागावरची. माग अरुंद, म्हणून दोन पाट जोडायचे. हातानं चोळून बघायचं. भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे हेंपची, खरखरीत लागते. जवसाच्या झाडाच्या धाग्याची, म्हणजे लिननची, गार आणि जड लागते. लिनन आणि सूत मिसळलेलीही असते. आपल्याकडे जवस फक्त चटणीला आणि तेलाला, पण त्याच झाडाच्या एका जातीच्या काडीतून तिकडे कापड होतं. मग चादर उजेडासमोर धरायची, म्हणजे विरलेलं, रफू केलेलं दिसतं. रफू सुबक असेल तर लेक म्हणते ती चादर आधी घ्यायची. तेवढं मात्र आम्हाला पटलं नाही. आमचं म्हणणं, रफू म्हणजे रफू, भाव कमी करून मागायचा.

तांब्याचं सांगायला आम्हाला जास्त आवडेल. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात व्हिलदिय-ले-पोआल नावाचं गाव आहे. नावातच तवे-कढया आहेत. शेकडो वर्षांपासून तिथं तांब्याची भांडी घडवतात. दिवसभर ठोक्यांचा इतका आवाज की तिथल्या लोकांना आजही बहिरे असंच टोपणनाव आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्या कुणी गेल्या असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिकडच्या पातेल्यांनाही आतून कल्हई असते, आणि ती गेली की पुन्हा करून घ्यावी लागते. आपलं ताक कल्हई नसलेल्या पितळेत कळकतं, तीच गोष्ट तिकडे आंबट फळांची आणि व्हिनेगरची. म्हणून जुनं तांब्याचं पातेलं घेताना आधी आत बघायचं. कल्हई उडालेली असेल तर तो खर्च धरून भाव करायचा. आणि ते घंगाळासारखं भांडं? ती जॅम करायची कढई. तिला मात्र कल्हई नसते. भरपूर साखर घालून फळं शिजवायची आणि शिजली की लगेच बरणीत काढायची, भांड्यात ठेवायची नाहीत. त्या म्हाताऱ्या बाईंनी साठ युरो सांगितले होते.

बाकी वस्तूंचं पटपट सांगतो. एनॅमलच्या डब्यांचा संच असतो, मोठ्यापासून लहानापर्यंत, त्यावर मैदा, साखर, कॉफी, चहा, मिरी अशी नावं छापलेली. आपल्या फळीवरच्या उतरंडीसारखे. कॉफी दळायचं लाकडी यंत्र असतं, हातानं फिरवायचं, त्यावर सिंहाचं चित्र असलं तर ते प्यूजो कारखान्याचं. मोटारी बनवायच्या कितीतरी आधी, १८४० पासून, ते कॉफीची यंत्रं करत होते. काचेचे ड्युरालेक्सचे पेले असतात, पडले तरी सहसा न फुटणारे. त्यांच्या बुडाशी एक आकडा असतो. तो साच्याचा आकडा, पण फ्रान्सच्या शाळांत मुलं जेवताना तो वाचून "तू किती वर्षांचा" असा खेळ खेळतात. या पेल्यांचा कारखाना अडचणीत आला तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या कामगारांनीच सहकारी संस्था करून तो चालवायला घेतला. आपल्यासारख्यांना हे कळायला हवं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चांदीचं मात्र नीट ऐका. तिकडच्या चमच्या-काट्यांवर एक बारीक शिक्का असतो, डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या देवीचा मुखवटा. तो १८३८ पासून सुरू आहे. तो असला की चांदी खरी. त्यात एकचा आकडा असेल तर हजारात ९५० भाग चांदी, दोनचा असेल तर ८००. कारागिराची खूणही असते. ती शंकरपाळ्याच्या आकारात असेल तर चांदी, चौकोनात असेल तर नुसता चांदीचा मुलामा. दोन्ही वस्तू एकाच टोपलीत, एकाच रंगाच्या पडलेल्या असतात. ज्याला शंकरपाळा आणि चौकोन कळतो त्याला टोपली कळते.

फसवणूकही आहेच. एनॅमलचे डबे आणि पाट्या हल्ली नव्यानं जुन्यासारख्या बनवतात. त्याला लेकीची एक खूण आहे. खरी जुनी वस्तू जिथं हात लागतो तिथं झिजते, नकली वस्तू दिसायला बरी दिसेल तिथं झिजलेली असते. चिनी मातीची बशी आपण मडकं वाजवून घेतो तशी टिचकी मारून बघायची, बद्द आवाज आला तर तडा आहे. लाकडाला बारीक भोकं असली आणि हात लावल्यावर ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे, घरात आणू नये. आणि जुन्या मातीच्या भांड्याच्या चकाकीत शिसं असू शकतं, तेव्हा त्यात जेवू नये, फळीवर ठेवावं.

भाव करायची रीतही वेगळी. आधी "बोंझूर मादाम" म्हणायचं, म्हणजे नमस्कार बाई. नमस्कार न करता वस्तूला हात लावला तर ते उद्धटपणाचं समजतात. मग वस्तू हातात घ्यायची, चौकशी करायची, आणि नंतर हळूच विचारायचं की थोडं कमी होईल का. आपल्यासारखं निम्म्यावरून सुरू केलं तर माणूस तोंड फिरवतो. दोन-तीन वस्तू मिळून एक भाव मागितला तर जमतं. सुट्टे पैसे जवळ हवेत. चांगली वस्तू हवी तर पहाटे जायचं, धंदेवाले बॅटरी घेऊन उजाडायच्या आत फिरत असतात. स्वस्त हवी तर संध्याकाळी, कारण परत गाडीत भरून नेण्यापेक्षा लोक देऊन टाकतात.

इथवर सगळं घेणाऱ्याच्या बाजूनं झालं. आम्हाला मात्र विकणारीबद्दल जास्त वाटत राहिलं. लेकीनं चादर विकणाऱ्या बाईंना विचारलं होतं, आजीच्या चादरी का विकता? त्या म्हणाल्या, तीन कपाटं भरलीत. धुवायला जड, इस्त्रीला अर्धा तास, आताच्या पलंगाला मापात बसत नाहीत. मुलं नको म्हणतात. हे अगदी खरं आहे, आपल्याही सुना पितळेची भांडी घासायला नको म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण तीच चादर एखादा पारखी पंधरा युरोंना उचलतो, धुऊन, इस्त्री करून, उशांचे अभ्रे शिवून शहरातल्या दुकानात कितीतरी पट भावानं विकतो. खजिना सापडला म्हणतात ना, तो कुणाच्या तरी माळ्यावरून कमी भावात गेलेला असतो.

तरीसुद्धा एक फरक आहे. त्या बाईंना ती चादर कुणाची, अक्षरं कुणाची, हे माहीत होतं. त्यांनी ते सांगून विकली. वजनावर नाही विकली.

आता घंगाळाचं. सात-आठ वर्षं झाली. लेकीच्या वसतिगृहाची फी भरायची होती, त्या वर्षी पाऊस नव्हता, सोयाबीन हातचं गेलेलं. सचिवताई तेव्हा गटात नव्हत्या. दारावर भंगारवाला आला. सासूबाईंनी वापरलेलं, त्यांच्याही आधीचं ते घंगाळ. त्यावर नाव होतं, गाव होतं, शके घातलेलं होतं. भंगारवाल्यानं काट्याला लावलं, सात किलोच्या आसपास भरलं. तांब्याचा तेव्हाचा त्यानं सांगितलेला भाव धरून अडीच हजार आणि वर थोडे झाले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पैसे मोजून दिल्यावर त्यानं घंगाळ अंगणातच आडवं टाकलं आणि घणाचे चार घाव घालून चेपलं, पोत्यात बसावं म्हणून. सचिवताई सांगतात, "विकल्याचं एवढं वाटलं नाही. चेपताना बघितलं, ते डोळ्यांपुढून जात नाही." फी भरली गेली. लेक शिकली. ती आज फ्रान्समध्ये उभी राहून घंगाळ कुठंय विचारते आहे, त्यात त्या घंगाळाचाही वाटा आहे.

म्हणून आम्ही कुणाला विकू नका असं सांगणार नाही. बैठकीत यावरून वादच झाला. एकजण फटकन म्हणाली, "नाव चाटून पोट भरतं का?" तिचं बरोबर आहे. पण मग दुसरीनं विचारलं की अडीच हजार तर आता आपला गट अंतर्गत कर्जातून एका बैठकीत देतो. तेव्हा ठरलं ते एवढंच. नाव घातलेलं किंवा घडणावळीचं जुनं भांडं विकायचं झालं तर भंगारवाल्याच्या आधी बैठकीत आणायचं. सगळ्यांनी बघायचं. ठोक्याचं आहे का, ओतीव आहे का, वजन किती, नाव काय. फोटो काढायचा. तालुक्याच्या मोडीच्या दुकानात फोन करून त्या दिवसाचा भाव विचारायचा. एवढं झाल्यावर जिचं भांडं तिनं ठरवायचं, विकायचं की कर्ज घ्यायचं. आतापर्यंत तीन भांडी आली. दोन विकली गेली, पण भंगारवाल्यानं दारावर सांगितलेल्या भावापेक्षा जास्तीनं. एक पितळेचा पानाचा डबा परत घरी गेला.

जमलं तर येत्या उन्हाळ्यात गटाची सहल पुण्याला न्यायची आहे, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला. चष्म्याचा धंदा सांभाळून केळकरांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि आयुष्यभर अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे गोळा केले. आपल्या लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. आपल्या आजीच्या घरातला अडकित्ता काचेच्या कपाटात कसा दिसतो ते एकदा बघायचं आहे.

एक राहिलं. फ्रान्समध्ये एमाऊस नावाची संस्था आहे, १९४९ मध्ये आबे पिएर नावाच्या पाद्र्यानं सुरू केलेली. ज्यांना घर नाही, काम नाही अशी माणसं एकत्र राहतात, लोकांनी टाकलेलं सामान गोळा करतात, दुरुस्त करून विकतात आणि त्यावर आपला खर्च चालवतात. लेक तिथूनच आपलं जेवणाचं टेबल घेऊन आली. आमच्या मनात भांडी दुरुस्तीचं काही जमेल का ते घोळतंय. कल्हईवाले आता आमच्या भागात उरलेच नाहीत. तुमच्या गावात कुणी असेल तर आपल्या रेडिओकेंद्राला जरूर कळवा.

सचिवताईंनी दिवाळीच्या आधी एकदाचा लेकीला फोन लावला आणि सांगून टाकलं. आम्ही शेजारीच बसलो होतो. लेक जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्यावर नाव काय होतं गं?" सचिवताईंनी डोळे मिटले आणि आडनाव, गाव, शके सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आमच्या कोषाध्यक्षताईंनी तेवढ्यात वही उघडली होती. पहिल्या दोन पानांवर आजींच्या तांब्याची आणि पानाच्या डब्याची नोंद आहे. तिसऱ्या पानावर ते घंगाळ लिहून घेतलं, वजनासकट.